एका प्याद्याचे मोल

बुद्धिबळ म्हटले की बहुधा एक शांत चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ओसरीवर पट मांडलेला आहे. दोघे खेळाडू हनुवटीवर हात टेकून बसले आहेत. भोवती चार बघे उत्सुकतेने पाहत आहेत, आणि एकेका चालीला पाव पाव तास लागत आहे. घरातून जेवणासाठी तीनदा हाक आली, तरी डाव काही उठत नाही. हे चित्र खोटे नाही. परंतु ते पुरेही नाही. ह्याच खेळाचे दुसरे एक रूप आहे, आणि ते पहिल्याच्या अगदी उलट भासते. तेथे दोघा खेळाडूंचे हात पटावरून विजेसारखे फिरतात. चाल झाली की घड्याळाची कळ दाबली जाते; तिचा आवाज विरतो न विरतो तोच समोरून उत्तर येते. दहा मिनिटांच्या आत सारा संग्राम आटोपलेला असतो. ह्या प्रकाराला 'ब्लिट्झ' असे नाव आहे. जर्मन भाषेत ह्या शब्दाचा अर्थच मुळी 'वीज' असा होतो.

हे पाहणाऱ्याच्या मनात सहजच एक शंका येते. बुद्धिबळ हा विचाराचा खेळ. आणि विचाराला तर वेळ लागतो. मग जेथे विचाराला वेळच नाही, तेथे बुद्धीचा खेळ होणार तरी कसा? ही केवळ हातघाई नव्हे काय? ह्या शंकेचे उत्तर शोधायचे, तर आधी घड्याळाची गोष्ट समजून घेतली पाहिजे, आणि नंतर एखादा उत्तम डाव पटावर मांडून पाहिला पाहिजे.

पूर्वी बुद्धिबळाच्या सामन्यांत वेळेचे काहीच बंधन नसे. ज्याला जितका विचार करावासा वाटे, तितका तो करी. काही खेळाडू ह्या मोकळिकीचा इतका लाभ घेत, की प्रतिस्पर्धी बुद्धीने न हरता कंटाळ्यानेच हरे. ह्यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाळूची घटिकायंत्रे वापरून पाहण्यात आली. पुढे १८८३ साली लंडन येथे भरलेल्या मोठ्या स्पर्धेत जोडघड्याळ प्रथम आले. एकाच पट्टीवर दोन घड्याळे बसविलेली असत; एक चालू झाले की दुसरे आपोआप थांबे. ज्याची चाल असेल त्याचेच घड्याळ चाले. अशा रीतीने प्रत्येकाला स्वतःच्या विचाराचा हिशेब स्वतःच द्यावा लागू लागला. वेळ संपली की डाव संपला. मग पटावर वजीर असो वा नसो.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, म्हणजेच 'फिडे' ही संस्था, १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झाली. तिच्या आजच्या नियमांप्रमाणे ज्या डावात प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ मिळतो, त्याला ब्लिट्झ म्हणतात. दहा मिनिटांहून अधिक, पण एका तासाहून कमी वेळ असेल तर तो जलद डाव होय. त्याहून अधिक वेळेचा तो संथ, परंपरागत डाव. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत प्रत्येकाला संपूर्ण डावासाठी तीन मिनिटे मिळतात, आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंदांची भर पडते. चालीगणिक वेळ वाढवून देणाऱ्या अशा घड्याळाचे पेटंट १९८९ साली अमेरिकेचे ग्रँडमास्टर बॉबी फिशर ह्यांना मिळाले. हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे जो डाव पाहावयाचा आहे, तो त्यांचाच आहे.

घड्याळात मोजली जाते ती एक वेळ. परंतु बुद्धिबळात आणखीही एक वेळ असते, आणि ती कोणत्याही घड्याळात दिसत नाही. ती म्हणजे चालींची वेळ. डावाच्या आरंभी दोन्ही सैन्ये आपापल्या घरी झोपलेली असतात. घोडे, उंट आणि हत्ती ह्यांना जागे करून रणात आणावयाचे, राजाला सुरक्षित जागी बसवावयाचे, आणि पटाचा मध्यभाग ताब्यात घ्यावयाचा, ही तीन कामे ज्याची आधी उरकतील, त्याला पहिला घाव घालण्याची संधी मिळते. प्रत्येकाला एका वेळी एकच चाल खेळता येते. म्हणून जो एखादी चाल फुकट घालवितो, तो जणू आपल्या सैन्याला एक दिवस उशिरा निघण्याची आज्ञा देतो. डावाच्या ह्या पहिल्या भागाला 'प्रारंभ' म्हणतात. निरनिराळ्या प्रारंभांचा अभ्यास शेकडो वर्षे झालेला आहे. त्यांना नावे आहेत, आणि प्रत्येकाचा काही इतिहास आहे.

काही प्रारंभांत खेळाडू आपण होऊन एखादे प्यादे शत्रूच्या तोंडी देतो. अशा प्रारंभाला 'गँबिट' म्हणतात. हा शब्द इटालियन भाषेतून आला आहे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला टांग मारून पाडतात, तशा कृतीसाठी तो तेथे वापरीत असत. रुई लोपेझ नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी योजिला. कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे. प्यादे देणारा उदार नसतो. तो व्यापारी असतो. तो प्यादे देतो आणि त्याच्या बदल्यात वेळ घेतो. समोरचा प्यादे मारण्यात एक चाल खर्च करतो, मारलेले प्यादे सांभाळण्यात दुसरी करतो. आणि तेवढ्या अवधीत देणाऱ्याचे सैन्य रणांगणावर येऊन उभे राहते.

अशा गँबिटांपैकी एक फार प्रसिद्ध आहे. ते शोधून काढणारा मनुष्य ग्रंथालयात बसणारा पंडित नव्हता. तो एक दर्यावर्दी होता. वेल्स प्रांतात १७९० साली जन्मलेले विल्यम डेव्हिस इव्हान्स हे टपाल वाहून नेणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. ब्रिटनचा मिलफर्ड आणि आयर्लंडचा वॉटरफर्ड ह्या बंदरांमध्ये त्यांची ये-जा चाले. समुद्रावरच्या रिकाम्या वेळात त्यांनी ह्या प्रारंभाचा विचार केला, आणि १८२० ते १८३० ह्या दशकात लंडनमध्ये त्याचा प्रयोग करून नामांकित खेळाडूंना थक्क केले. तेव्हापासून तो 'इव्हान्स गँबिट' ह्या नावाने ओळखला जातो.

आता पट मांडावा. पांढरी मोहरी आपल्या बाजूस घेऊन बसलेल्या खेळाडूच्या डाव्या हातापासून उजवीकडे जाताना पटाच्या उभ्या ओळींना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे असतात. आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूपासून १ ते ८ असे आकडे असतात. ई ही उभी ओळ आणि ४ ही आडवी ओळ जेथे मिळतात, ते घर ई-४. एवढे समजले की जगातील कोणताही डाव घरबसल्या खेळून पाहता येतो.

जो डाव पाहावयाचा आहे, तो १९६३ साली न्यूयॉर्क येथे खेळला गेला. पांढरी मोहरी होती बॉबी फिशर ह्यांची. १९५८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते ग्रँडमास्टर झाले होते. ह्या डावाच्या सुमारास ते वीस वर्षांचे होते, आणि जगज्जेतेपद अद्याप नऊ वर्षे दूर होते. काळी मोहरी होती रूबेन फाइन ह्यांची. फाइन हे मागील पिढीतील थोर ग्रँडमास्टर. १९३८ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या 'आव्रो' स्पर्धेत जगातील आठ श्रेष्ठ खेळाडू एकत्र आले होते. तीत पॉल केरेस ह्यांच्या जोडीने फाइन पहिले आले. जलद खेळातही त्यांचा मोठा लौकिक होता. पुढे त्यांनी मानसशास्त्राचा व्यवसाय पत्करला. विशेष म्हणजे, प्रारंभांच्या चाली नुसत्या पाठ न करता त्यांमागील कल्पना समजून घ्याव्यात, हे सांगणारा एक सुप्रसिद्ध ग्रंथ त्यांनी १९४३ साली लिहिला होता. हा डाव कोणत्याही स्पर्धेतील नव्हता. तो मौजेखातर खेळलेला होता. अशा डावांत दीर्घ विचाराला जागा नसते; चाली भराभर होतात, आणि खेळाडूच्या मनात आधीपासून काय मुरलेले आहे, ते उघड होते.

पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून ई-४ वर आणले. काळ्यानेही तसेच ई-५ वर आणले. पांढऱ्याचा घोडा एफ-३ वर आला आणि त्याने त्या काळ्या प्याद्यावर नेम धरला. काळ्याने सी-६ वर घोडा आणून त्याला आधार दिला. तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा उंट सी-४ वर आला. त्याची नजर एफ-७ ह्या घरावर होती. आरंभी ह्या घरातील प्याद्याला एकट्या राजाचाच आधार असतो. म्हणून काळ्याच्या तटबंदीतील ती सर्वांत कच्ची जागा होय. काळ्यानेही आपला उंट सी-५ वर आणला. येथपर्यंत दोघांचे पारडे सारखे होते.

चौथ्या चालीला कप्तान इव्हान्स ह्यांची ती प्रसिद्ध युक्ती आली. पांढऱ्याने बी ओळीतील प्यादे दोन घरे पुढे, बी-४ वर, नेऊन ठेवले. तेथे काळा उंट त्याला सरळ मारू शकत होता, आणि त्याने ते मारले. पाचव्या चालीला पांढऱ्याने सी-३ वर प्यादे आणून त्याच उंटाला हुसकावले. उंट ए-५ वर गेला. आता हिशेब पाहावा. काळ्याच्या ह्या एका उंटाने आतापर्यंत तीन चाली खाल्ल्या होत्या. पांढऱ्याने एक प्यादे गमावले होते. परंतु मध्यभागी आणखी एक प्यादे रेटण्याची त्याची सिद्धता झाली होती. सहाव्या चालीला त्याने डी-४ वर ते रेटले. काळ्याच्या ई-५ वरील प्याद्याने ते मारले. सातव्या चालीला पांढऱ्याने 'किल्लेकोट' केला. म्हणजे एकाच चालीत राजा जी-१ वर सुरक्षित बसविला आणि हत्ती एफ-१ वर आणला. काळ्याच्या त्याच प्याद्याने आणखी पुढे घुसून सी-३ वरील प्यादेही मारले.

ह्या वेळी पट पाहणारा नवशिका म्हणेल, की काळा जिंकत आहे. पांढऱ्याची तीन प्यादी गेली होती; काळ्याचे एकही गेले नव्हते. परंतु प्यादी मोजणाऱ्याने चालीही मोजाव्यात. आठव्या चालीला पांढऱ्याचा वजीर बी-३ वर आला. आता उंट आणि वजीर ह्या दोघांचाही मारा एफ-७ वर होऊ लागला. काळ्याने ई-७ वर वजीर आणून ती जागा सांभाळली. नवव्या चालीला पांढऱ्याच्या दुसऱ्या घोड्याने सी-३ वरील त्या घुसखोर प्याद्याला मारले. पांढऱ्याचे दोन्ही घोडे, उंट, वजीर आणि हत्ती आता सज्ज होते. राजा कोटात निर्धास्त होता. काळ्याचा राजा मात्र अजून ई-८ वर, आपल्या मूळच्या घरीच, उघडा होता.

येथे काळ्याने घोडा एफ-६ वर आणला. चाल दिसण्यात अगदी स्वाभाविक होती. झोपलेले मोहरे जागे करावे, हा नियम तर प्रत्येकास ठाऊक असतो. परंतु प्रत्येक नियमाचा काळ ओळखावा लागतो. काळ्याने आपल्या ए-५ वरील उंटाने सी-३ वरचा घोडा मारला असता, तर पुढचा घाला टळला असता. ते झाले नाही. आणि दहाव्या चालीला तोच पांढरा घोडा डी-५ वर झेपावला. त्याने काळ्या वजिरावर घाव धरला. काळ्याने आपल्या घोड्याने त्याला मारले. पांढऱ्याच्या ई-४ वरील प्याद्याने त्या घोड्याला मारले, आणि त्याच चालीत सी-६ वरील दुसऱ्या काळ्या घोड्यावर नेम धरला. ह्या मारामारीत आणखी एक गोष्ट घडली. पांढऱ्याचे प्यादे ई ओळ सोडून गेल्याने ती ओळ खुली झाली, आणि त्या ओळीच्या टोकाला काळा राजा उभा होता.

काळ्याचा घोडा ई-५ वर आला. पांढऱ्याच्या घोड्याने त्याला मारले. काळ्याच्या वजिराने ई-५ वर येऊन परतफेड केली. तेराव्या चालीला पांढऱ्याचा उरलेला उंट बी-२ वर आला आणि त्याने वजिराला पुन्हा हुसकावले. वजीर जी-५ वर पळाला. तेथून तो जी-७ ह्या नाजूक घराचे रक्षणही करीत होता. तेव्हा पांढऱ्याने चौदाव्या चालीला एच ओळीतील प्यादे दोन घरे पुढे टाकून एच-४ वर ठेवले. पुन्हा तीच टांग! काळ्याच्या वजिराने ते प्यादे मारले, आणि मारताच तो जी-७ च्या पहाऱ्यावरून दूर झाला. पांढऱ्याच्या उंटाने जी-७ वरील प्यादे मारले आणि कोपऱ्यातील हत्तीवर घाव धरला. हत्ती जी-८ वर सरकला.

सोळाव्या चालीला पांढऱ्याचा हत्ती खुल्या ई ओळीत ई-१ वर आला: शह! काळा राजा डी-८ वर गेला. सतराव्या चालीला पांढऱ्याने आपला वजीर बी-३ वरून आडवा नेऊन जी-३ वर, थेट काळ्या वजिराच्या समोर, ठेवला. ही चाल क्षणभर थांबून पाहावी. काळ्याच्या वजिराला पांढरा वजीर मारता येतो. पण त्याने तो मारला, तर पांढरा उंट एफ-६ वर येऊन शह देतो. राजाला ई-८ वर जाता येत नाही, कारण ती ओळ हत्तीने रोखली आहे. ई-७ वर उंटाचा मारा आहे. आणि सी-७, सी-८, डी-७ ही घरे राजाच्याच मोहऱ्यांनी अडविली आहेत. म्हणजे मात! आणि वजिराने वजीर न मारावा, तर पांढरा वजीर त्यालाच मारतो. दोन्हीकडून मरण पाहून फाइन ह्यांनी तेथेच हार मान्य केली.

अवघ्या सतरा चालींत एक थोर ग्रँडमास्टर हरला. ह्याचे कारण काय? पट पुन्हा पाहावा. काळ्याचा सी-८ वरचा उंट आणि ए-८ वरचा हत्ती ह्यांनी सबंध डावात एकही पाऊल टाकले नाही. उलट त्याचा वजीर ई-७, ई-५, जी-५, एच-४ असा चार वेळा हलला. डाव संपला तेव्हाही काळ्याची दोन प्यादी अधिकच होती. परंतु ती मोजावयास राजा शिल्लक राहणार नव्हता. पांढऱ्याने प्यादी देऊन चाली विकत घेतल्या, आणि त्या चालींचे व्याजही वसूल केले. पुढे १९६९ साली फिशर ह्यांनी आपल्या साठ संस्मरणीय डावांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात त्यांनी ह्या मौजेखातर खेळलेल्या डावालाही मानाने स्थान दिले.

तर मग इव्हान्स गँबिटाला उत्तरच नाही काय? तसे नाही. १८९४ ते १९२१ एवढा दीर्घ काळ जगज्जेते असलेल्या इमॅन्युएल लास्कर ह्यांनी त्यावर एक शहाणपणाचा मार्ग दाखविला. मिळालेले प्यादे जिवापाड सांभाळीत बसू नये. योग्य वेळी ते परत देऊन टाकावे आणि आपली सेना मोकळी करावी. फुकट मिळालेल्या वस्तूचा लोभ धरणारा अडकतो. ती सोडून देणारा सुटतो. लास्कर ह्यांच्या ह्या शिकवणीनंतर मोठ्या स्पर्धांतून हा प्रारंभ जवळजवळ दिसेनासा झाला.

तरी तो मेला नव्हता. १९९५ साली लाटव्हिया देशातील रिगा शहरी गॅरी कास्पारोव्ह ह्यांनी तो जुना प्रारंभ पुन्हा बाहेर काढला. समोर होते भारताचे विश्वनाथन आनंद. आनंद हे लहानपणापासून आपल्या विलक्षण वेगासाठी विख्यात होते. त्यांनी आपला उंट ए-५ वर न नेता ई-७ वर मागे घेतला. तरीही पंचवीस चालींत त्यांना हार पत्करावी लागली. परंतु अशा पराभवाने खचून जाणाऱ्यांपैकी आनंद नव्हते. हरलेल्या डावाची चिकित्सा करणे, हाच त्यांचा अभ्यास. २००७ साली ते जगज्जेते झाले. आणि २०१७ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, रियाध येथे त्यांनी जलद बुद्धिबळाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याच ठिकाणी ब्लिट्झ स्पर्धेतही ते तिसरे आले. ज्या खेळात तरुणांचे हात अधिक चपळ, तेथे ह्या वयात हे यश मिळाले, ते केवळ हातांच्या चपळाईने खास नव्हे.

आता आरंभीच्या शंकेकडे वळावे. वेळ नसताना विचार कसा करावा? ह्याचे उत्तर एका जुन्या स्पर्धेत सापडते. १९७० सालच्या एप्रिल महिन्यात त्या वेळच्या युगोस्लाव्हियात, आणि आजच्या मॉन्टेनेग्रोत, हर्सेग नोव्ही ह्या समुद्रकाठच्या गावी एक ब्लिट्झ स्पर्धा भरली. बारा खेळाडू होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावयाचे होते. आणि एका डावासाठी प्रत्येकास फक्त पाच मिनिटे होती. मिखाइल ताल, तिग्रान पेत्रोस्यान, वासिली स्मिस्लोव्ह ह्यांसारखे जगज्जेतेपद भोगलेले वीर तेथे होते. फिशर ह्यांनी बावीस डावांत एकोणीस गुण मिळविले. दुसरे आलेले ताल त्यांच्याहून साडेचार गुणांनी मागे होते. सबंध स्पर्धेत फिशर एकच डाव हरले, तो व्हिक्टर कोर्चनॉय ह्यांच्याशी. जो पाच मिनिटांत असा खेळतो, त्याचा विचार त्या पाच मिनिटांत झालेला नसतो. तो वर्षानुवर्षे, रात्रीच्या रात्री, पट आणि पुस्तक समोर ठेवून झालेला असतो. पटाशी बसल्यावर तो विचार केवळ आठवतो.

स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीस हे सांगावे लागत नाही. पाहुणे दारात असताना ती चार पदार्थ भराभर करते. मीठ किती, आच किती, हे ती मोजीत बसत नाही. ते मोजणे पूर्वीच, कितीतरी दिवस, सावकाश झालेले असते. पाहणाऱ्याला तिचा वेग दिसतो. त्यामागची वर्षे दिसत नाहीत. ब्लिट्झचेही तसेच आहे. ज्याला प्रारंभाच्या केवळ चाली पाठ आहेत, तो समोरच्याने वाट सोडताच गोंधळतो. ज्याला त्या चालींची कारणे ठाऊक आहेत, तो अनोळखी वाटेवरही दिशा चुकत नाही. आणि फाइन ह्यांच्यासारखा जाणकारही एखाद्या क्षणी चुकतो. म्हणून मोठ्यांच्या चुका हे लहानांचे उत्तम पाठ्यपुस्तक ठरते.

हा विषय केवळ मौजेचा राहिलेला नाही. आज मोठमोठ्या सामन्यांचे निकालही पुष्कळदा घाईच्या घड्याळावर लागतात. २०२५ सालच्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि अनुभवी ग्रँडमास्टर कोनेरू हंपी ह्या दोघी भारतीय खेळाडू समोरासमोर होत्या. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. तेव्हा जलद डाव खेळविण्यात आले, आणि त्यांत दिव्याने बाजी मारली. त्या विजयाबरोबरच तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. त्या अखेरच्या मिनिटांत तिच्या उपयोगी पडले ते बालपणापासून संथपणे साठविलेले ज्ञान.

त्वरा निराळी आणि घाई निराळी. घाई ही विचाराच्या अभावातून येते. त्वरा ही आधी केलेल्या विचारातून येते. दोघींचा वेग बाहेरून सारखाच दिसतो. परंतु एकीच्या हातून प्यादे पडते, आणि दुसरी ते जाणूनबुजून देते. एकाच प्याद्याचे मोल अशा रीतीने दोन प्रकारचे होते. घड्याळाचा काटा दोघांसाठी सारख्याच गतीने फिरतो. त्याच्याशी शर्यत जिंकावयाची असेल, तर तयारी मात्र घड्याळ चालू होण्यापूर्वीच झालेली असावी लागते.